होडीला मोठं इंजिन लावलं की वेग वाढतो? कोकणातल्या मच्छिमारांपुढचं हॉर्सपॉवरचं गणित समजून घ्या

जुलै संपत आला की कोकणातल्या बंदरांवर वेगळीच लगबग सुरू होते. वर ओढून ठेवलेल्या होड्यांवरची ताडपत्री निघते, फाटलेली जाळी दुरुस्तीला निघतात आणि मेकॅनिकचा फोन सतत वाजायला लागतो. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी मासेमारी बंदी संपत आलेली असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की हंगामाची खरी सुरुवात होते.

याच दिवसांत छोट्या होड्यांच्या मालकांमध्ये एक चर्चा हमखास रंगते. यंदा मशीन बदलायचं का? ९.९ काढून २५ टाकायचं का? शेजारच्याने २५ टाकलंय, मग आपण थेट ४० घ्यायचं का?

हे आकडे हॉर्सपॉवरचे आहेत आणि विषय आहे होडीच्या मागच्या फळीवर अडकवल्या जाणाऱ्या आउटबोर्ड इंजिनाचा. बाहेरून बघणाऱ्याला हा साधा खरेदीचा प्रश्न वाटेल. बाइकची सीसी वाढवली की पिकअप वाढतो, तसं होडीचंही असणार, असंच बहुतेकांना वाटतं. पण पाण्यावरचं गणित रस्त्यासारखं चालत नाही. हे गणित चुकलं तर इंजिनाचे पैसे जातात, रोजचा पेट्रोलचा खर्च दुपटीवर जातो आणि वेग मात्र ताशी एक-दीड किलोमीटरने वाढतो.

मग इंजिन मोठं केल्याने फायदा होतो तरी कधी? आणि मच्छिमारांना अचानक इतका वेग का हवाय?

वेग कशासाठी हवाय?

पहिलं कारण बाजारभावाचं आहे. मासळीचा लिलाव बंदरावर होतो. जी होडी आधी लागते तिच्या मासळीला गिऱ्हाईक जास्त असतं. उशिरा आलेल्याला उरलेल्या गिऱ्हाइकांच्या भावाने माल द्यावा लागतो. बर्फ कमी असलेल्या छोट्या होडीसाठी तर प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

दुसरं कारण अंतराचं आहे. किनाऱ्याजवळ पूर्वीइतकी मासळी मिळत नाही, असं पारंपरिक मच्छिमार अनेक वर्षं सांगत आहेत. जाळं टाकायला आणखी आत जावं लागत असेल, तर जाण्या-येण्याचा वेळ वाढतो.

तिसरं कारण सुरक्षेचं. हवा बदलली, वारा फिरला की लवकरात लवकर खाडीच्या तोंडाशी पोहोचायचं असतं.

आणि चौथं कारण म्हणजे स्पर्धा. सिंधुदुर्गात परराज्यांतून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरचा प्रश्न दर हंगामात पेटतो. हे ट्रॉलर राज्याच्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत घुसतात, मासळी ओढून नेतात आणि जाता जाता छोट्या मच्छिमारांची जाळीही तोडतात, अशी तक्रार मालवणपासून देवगडपर्यंत ऐकायला मिळते. समोरचा शेकडो हॉर्सपॉवरच्या इंजिनाने पळत असेल, तर आपणही आपलं इंजिन वाढवावं असं वाटणं साहजिक आहे.

पण नेमकी इथेच गडबड होते.

पाणी इंजिनाला कसं अडवतं?

कोणतीही होडी पुढे जाताना पाणी बाजूला सारते. त्यातून एक लाट तयार होते. होडीचा वेग वाढतो तशी ही लाट लांब होत जाते. एका वेगाला लाटेची लांबी आणि होडीची लांबी जवळपास सारखी होते. तेव्हा होडीची नाळ एका लाटेच्या माथ्यावर असते आणि पिछाडी मागच्या लाटेच्या माथ्यावर. यापुढे वेग वाढवायचा म्हणजे होडीला स्वतःच तयार केलेल्या लाटेचा चढ चढायला लावायचं.

या मर्यादेचा अंदाज काढायला बोटबांधणीत एक जुनं सूत्र वापरतात. पाण्याला टेकलेल्या भागाची फुटांतली लांबी घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला १.३४ ने गुणायचं. उत्तर नॉटमध्ये मिळतं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.

पाण्यात २० फूट लांबी असलेल्या होडीसाठी हे उत्तर ६ नॉट येतं, म्हणजे ताशी साधारण ११ किलोमीटर. ६४ फुटांच्या ट्रॉलरसाठी ते १०.७ नॉट येतं, म्हणजे ताशी जवळपास २० किलोमीटर.

यातला फरक नीट पाहा. ट्रॉलर वेगवान असतो त्यामागे त्याचं इंजिन आहेच, पण त्याची लांबीही आहे. पाणी कापत जाणारी २० फुटांची होडी इंजिन कितीही मोठं लावलं तरी त्याची बरोबरी सहजासहजी करू शकत नाही.

मर्यादेजवळ पोहोचल्यावर इंधनाचा खर्च कसा वाढतो, हेही समजून घ्यायला हवं. पाणी कापत जाणाऱ्या होडीला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर ताकद ३३ टक्के जास्त लागते. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट हवी. मर्यादेच्या अगदी जवळ तर हा हिशेब आणखी महाग होतो.

मग स्पीडबोट कशा पळतात?

त्या या लाटेवर चढून पलीकडे जातात. तळ सपाट किंवा उथळ व्ही आकाराचा असेल, बोट हलकी असेल आणि ताकद पुरेशी असेल, तर एका वेगानंतर बोट पाण्यातून वर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरत पळते. याला प्लेनिंग म्हणतात. बोट प्लेन झाली की पाण्याशी होणारं घर्षण कमी होतं आणि वेग एकदम वाढतो.

म्हणजे मोठ्या इंजिनाचा फायदा होणार की तोटा, हे होडी प्लेन होणार की नाही यावर ठरतं. आणि होडी प्लेन होणार की नाही, हे ठरतं तिच्या तळाच्या आकारावर आणि वजनावर.

एक उदाहरण धरू. होडी २० फुटांची, इंजिन ९.९ हॉर्सपॉवरचं, वेग ताशी १० किलोमीटर. जाऊन-येऊन अंतर २० किलोमीटर. पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल इंजिन दर १० हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ४ लिटर पितं, असा ढोबळ अंदाज आहे. दोन तासांत ८ लिटर लागेल. पेट्रोल १०० रुपये लिटर धरलं तर खर्च ८०० रुपये.

आता त्याच होडीवर २५ हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. होडी जड आहे, तळ गोलसर आहे, ती प्लेन होत नाही. वेग ताशी साडेअकरा किलोमीटरपर्यंत गेला. २० किलोमीटरला १ तास ४४ मिनिटं लागली. इंजिन तासाला साडेनऊ लिटर पीत असेल तर पेट्रोल लागलं सुमारे साडेसोळा लिटर. खर्च १,६५० रुपये. वाचले किती? १६ मिनिटं. त्यासाठी मोजले ८५० रुपये जास्त. महिन्यातून २० फेऱ्या धरल्या तर हा फरक १७ हजार रुपयांचा होतो.

तेच इंजिन सपाट तळाच्या, हलक्या फायबरच्या होडीवर बसवलं आणि सगळं मिळून वजन ६०० किलोच्या आसपास असलं, तर होडी प्लेन होऊन ताशी ३० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तेव्हा २० किलोमीटर ४० मिनिटांत होतात आणि पेट्रोल लागतं साडेसहा लिटरच्या आत. म्हणजे ९.९ पेक्षाही कमी.

इंजिन एकच, पण एका होडीचा खर्च दुप्पट झाला आणि दुसरीचा कमी झाला. शेजारच्याला फायदा झाला म्हणून आपल्यालाही होईल, हा हिशेब म्हणूनच फसतो.

जाताना पळते, येताना बसते

मासेमारीच्या होडीचा आणखी एक प्रश्न आहे. तो सहलीच्या स्पीडबोटीला येत नाही.

सकाळी निघताना होडी हलकी असते. परतताना तिच्यात ओलं जाळं असतं, मासळी असते, बर्फाचं पाणी असतं. ६०० किलोची होडी १,२०० किलोची झालेली असते. जी होडी जाताना प्लेन झाली, ती येताना उठतच नाही. इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ओरडत राहतं, नाळ वर, पिछाडी खाली, आणि वेग जुन्याच मर्यादेत अडकलेला.

वेगाची खरी गरज तर येतानाच असते, कारण लिलाव परतल्यावर होतो. म्हणजे ज्या फेरीसाठी मोठं इंजिन घेतलं, त्याच फेरीत ते सर्वांत कमी उपयोगी पडतं. आणि ज्या दिवशी मासळी चांगली लागते, त्या दिवशी सर्वांत कमी.

म्हणून इंजिनाची निवड रिकाम्या होडीवर चाचणी घेऊन करणं ही मोठी चूक ठरते. चाचणी भरलेल्या वजनावर घ्यायला हवी. त्यासाठी मासळीच्या जागी पाण्याचे कॅन किंवा वाळूची पोती ठेवली तरी अंदाज येतो.

इंजिन न बदलता वेग वाढू शकतो का?

अनेकदा वाढतो. त्यात पहिला नंबर लागतो पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच. पिच म्हणजे पंख्याने एक फेरा घेतला तर तो तत्त्वतः किती इंच पुढे जाईल, ते अंतर. सायकलच्या गिअरसारखं समजा. जास्त पिच म्हणजे वरचा गिअर, कमी पिच म्हणजे खालचा गिअर. चढावर वरचा गिअर टाकला तर पाय फिरत नाहीत, तसं जड होडीला जास्त पिचचा पंखा लावला तर इंजिनाला आपले पूर्ण फेरे गाठता येत नाहीत.

प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला किती फेरे हवेत याची रेंज दिलेली असते. बऱ्याच इंजिनांत ती ५,००० ते ६,००० च्या दरम्यान असते. भरलेल्या होडीवर इंजिन ४,३०० वरच अडकत असेल, तर पंखा त्या वजनाला जड पडतोय. पिच एक इंचाने कमी केली तर फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. उलट फेरे ठरलेल्या रेंजच्या वर जात असतील, तर पिच वाढवायला हवी. नव्या पंख्याची किंमत नव्या इंजिनाच्या तुलनेत फारच कमी असते.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या उंचीची. इंजिनाच्या पायावर, पंख्याच्या अगदी वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या पातळीजवळ असायला हवी. इंजिन फार खोल बसलं तर त्याचा पायच पाण्याला अडथळा करतो. फार वर बसलं तर पंखा हवा ओढतो, फेरे एकदम वाढतात आणि होडी मात्र पुढे जात नाही. इंजिनाचा शाफ्ट होडीच्या मागच्या फळीच्या उंचीला जुळणारा लागतो. १५ इंचांच्या फळीला शॉर्ट शाफ्ट, २० इंचांच्या फळीला लाँग शाफ्ट. स्वस्तात मिळालं म्हणून भलत्याच शाफ्टचं सेकंडहँड इंजिन घेतलं की कटकट सुरू होते.

तिसरी गोष्ट तळाची. पाण्यात उभ्या राहणाऱ्या होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढतो. तो खरवडून काढला, रंग दिला तर हरवलेला वेग परत मिळतो. चौथी गोष्ट वजनाच्या वाटणीची. पेट्रोलचा कॅन, बर्फाची पेटी आणि जाळं सगळं मागे ठेवलं तर पिछाडी बसते. थोडं वजन पुढे सरकवलं तर होडी लवकर उठते.

चाकावरचा एक जुना नियम इथेही लागू होतो. आधी हवा तपासा, मग इंजिन उघडा.

मोठ्या इंजिनाचा धोका काय?

९.९ हॉर्सपॉवरचं चार स्ट्रोक आउटबोर्ड साधारण ४० किलोचं असतं. २५ चं ६० किलोच्या आसपास आणि ४० चं ९५ ते १०० किलोच्या घरात जातं. म्हणजे ९.९ वरून ४० वर गेलं की होडीच्या टोकावर एक माणूस कायमचा बसवल्यासारखं होतं. पिछाडीचा काठ पाण्याच्या जवळ येतो. मागून आलेली लाट आत शिरायला तेवढं अंतर पुरतं.

मागची फळी जुन्या इंजिनाच्या जोरासाठी बांधलेली असते. नव्या इंजिनाचा धक्का रोज बसला की लाकडाचे सांधे हलतात, फायबरला तडे जातात. हँडल हातात धरून चालवायच्या इंजिनात तर वेगात वळताना जोर थेट मनगटावर येतो. हात सुटला की इंजिन एका बाजूला वळतं, होडी गर्रकन फिरते आणि माणूस बाहेर फेकला जातो. यासाठीच इंजिनाला किल स्विचची लाल दोरी दिलेली असते. तिचं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवलं की माणूस पडताच इंजिन बंद होतं. बऱ्याच होड्यांवर मात्र ही दोरी इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली दिसते.

अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान मोटारबोटींवर जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवरचं इंजिन चालेल हे सांगणारी पाटी बोट बनवणाऱ्याला लावावी लागते. होडीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी यांच्या गुणाकारावरून तो आकडा काढतात. गावातल्या कारागिराने बांधलेल्या होडीवर अशी पाटी नसते. तिथे ही मर्यादा कारागिराच्या अनुभवात असते. त्यामुळे इंजिन घेण्याआधी दुकानदारासोबतच होडी बांधणाऱ्यालाही विचारायला हवं.

इंजिनाची चाचणी किती गंभीरपणे घ्यायची असते, हे मुंबईने १८ डिसेंबर २०२४ रोजी पाहिलं. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. या दुर्घटनेत १५ जणांचा मृत्यू झाला. इंजिनाची चाचणी सुरू असताना इंजिनात बिघाड झाला आणि बोटीवरचा ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं होतं. मच्छिमाराची होडी आणि नौदलाची बोट यांच्यात तुलना होऊ शकत नाही. पण चाचणीची पहिली फेरी रहदारीपासून दूर, अंगात लाइफ जॅकेट घालून, किल स्विच अडकवून आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवत घ्यायची, हा धडा सगळ्यांना सारखाच लागू आहे.

कागदपत्रांचं काय?

मासेमारी नौकेची नोंदणी होते तेव्हा तिच्या इंजिनाची माहितीही नोंदली जाते. कंपनी, क्रमांक आणि हॉर्सपॉवर. इंजिन बदललं तर ही नोंदही बदलून घ्यावी लागते. ती राहून गेली तर तपासणीच्या वेळी आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी प्रश्न उभा राहू शकतो.

आणखी एक मुद्दा बंदीचा. महाराष्ट्रात ६१ दिवसांची बंदी यंत्रावर चालणाऱ्या नौकांना लागू असते. वल्ही आणि शिडावर चालणाऱ्या बिगर यांत्रिक होड्यांना तिच्यातून सूट आहे. म्हणजे होडीला लहानसं का होईना, इंजिन लागलं की तिचा वर्ग बदलतो.

इंधनाच्या सवलतीचंही तसंच. राज्यात मच्छिमार सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो. पण तो डिझेलवर आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या आउटबोर्डला त्याचा उपयोग नाही. त्यामुळे इंजिन मोठं केल्यावर वाढणारा पेट्रोलचा खर्च थेट मच्छिमाराच्या खिशातून जातो.

केरळात ही शर्यत आधीच झाली आहे

हॉर्सपॉवरची शर्यत कुठे जाते, हे बघायचं तर केरळकडे पाहावं लागेल. १९८० च्या दशकात तिथल्या पारंपरिक होड्यांवर आउटबोर्ड इंजिन झपाट्याने आली. समोर यांत्रिक ट्रॉलर होते आणि त्यांच्याशी टिकून राहायचं होतं. सुरुवात ७-८ हॉर्सपॉवरपासून झाली. मग ९.९ आलं, नंतर २५, मग ४०. रिंगसीन जाळ्यांच्या मोठ्या वल्लमांवर तर एकाच वेळी दोन-तीन इंजिनं लागायला लागली.

एकाने इंजिन वाढवलं की त्याला काही दिवस फायदा व्हायचा. सगळ्यांनी वाढवलं की फायदा संपायचा. मासळी तेवढीच राहायची आणि खर्च मात्र सगळ्यांचाच वाढलेला असायचा. ही इंजिनं मुख्यतः केरोसीनवर चालायची. केरोसीन महाग होत गेलं आणि २०२२ मध्ये लिटरला १०० रुपयांच्या वर गेलं तेव्हा अनेकांना समुद्रात जाणंच परवडेना. वेगासाठी घेतलेलं इंजिन मग किनाऱ्यावर उभं राहिलं.

कोकणात अजून इतकी टोकाची स्थिती नाही. पण शेजाऱ्याने २५ टाकलं म्हणून आपण ४० टाकायचं, ही सुरुवात तशीच आहे.

दोन स्ट्रोक, चार स्ट्रोक की इलेक्ट्रिक?

इंजिन बदलायचंच असेल तर हॉर्सपॉवर न वाढवता तंत्र बदलण्याचाही पर्याय आहे. जुनी कार्ब्युरेटरची दोन स्ट्रोक इंजिनं हलकी असतात आणि गावातला मेकॅनिकही ती दुरुस्त करतो. त्यांची खोट म्हणजे २५ ते ३० टक्क्यांपर्यंत इंधन न जळताच बाहेर जाऊ शकतं. चार स्ट्रोक इंजिन जड आणि महाग असतं, पण पेट्रोल कमी पितं आणि त्यात तेल मिसळावं लागत नाही. रोज समुद्रात जाणाऱ्यासाठी त्याच ताकदीचं चार स्ट्रोक इंजिन घेणं हा वेगाचा नसला तरी कमाईचा बदल ठरू शकतो.

इलेक्ट्रिक आउटबोर्डचीही चर्चा आता वाढली आहे. आवाज नाही, धूर नाही, देखभाल कमी. अडचण बॅटरीच्या वजनाची आहे. २० लिटर पेट्रोलमधून आउटबोर्ड जेवढं प्रत्यक्ष काम करून घेतं, तेवढ्यासाठी आजच्या लिथियम बॅटऱ्यांचं वजन साधारण ३०० किलो भरेल. लांब जाऊन मासळी घेऊन परतणाऱ्या छोट्या होडीला ते परवडणारं नाही. ठरलेल्या मार्गावरच्या छोट्या फेऱ्यांना मात्र हे तंत्र शोभतं. केरळात वैकोम ते तवणक्कडवू या जलमार्गावर २०१७ पासून ‘आदित्य’ ही सौर बोट प्रवासी नेते आणि कोचीची वॉटर मेट्रो २०२३ पासून सुरू आहे. कोकणातल्या खाड्यांमधल्या तरी आणि सहलीच्या फेऱ्यांना हा पर्याय लागू पडू शकतो.

ट्रॉलरचा प्रश्न इंजिनाने सुटेल का?

परत सुरुवातीच्या चौथ्या कारणाकडे येऊ. छोट्या होडीने कितीही मोठं आउटबोर्ड लावलं तरी जाळं तोडणाऱ्या ट्रॉलरला ती अडवू शकत नाही. गाठलं तरी समोर ६० फुटांची जड नौका असते. भर समुद्रात तिला आडवं जाणं म्हणजे जिवाशी खेळ. वेग हवा आहे तो गस्त घालणाऱ्या यंत्रणेला.

कायदा कमी नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ पासून आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दंडाची रक्कम वाढवण्यात आली. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनने पाळत ठेवायला सुरुवात केली. ड्रोनमुळे कोण, कुठे, कधी घुसलं याचा पुरावा मिळतो. पण त्या नौकेपर्यंत पोहोचायला, ती पकडून बंदरात आणायला वेगवान गस्ती नौका आणि तिच्यावर पुरेशी माणसं लागतात. ही साखळी जिथे तुटते, तिथे मच्छिमार स्वतःच्या खिशातून हॉर्सपॉवर विकत घेऊन ती जोडायचा प्रयत्न करतो.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला माती परीक्षणाची सोय मिळते, कोणत्या जमिनीला कोणतं खत हे सांगणारा कृषी सहायक मिळतो. तशीच कोणत्या होडीला कोणतं इंजिन आणि कोणता पंखा, हे सांगणारी सोय बंदरावर मिळाली तर तिचा फायदा पहिल्याच महिन्याच्या पेट्रोलच्या बिलात दिसेल.

इंजिन बदलण्याआधी हे तपासा

• भरलेल्या होडीवर पूर्ण थ्रॉटल देऊन मिनिटाला किती फेरे पडतात ते मोजा. पुस्तिकेतल्या रेंजशी जुळत नसतील तर आधी पंखा बदला.

• पंख्याची पाती वाकली किंवा झिजली आहेत का, तळाला थर चढलाय का, इंजिन योग्य उंचीवर आहे का, हे बघा.

• तळ गोलसर आणि होडी जड असेल तर मोठ्या इंजिनाने वेग फारसा वाढणार नाही, हे धरून चला.

• मागची फळी नव्या इंजिनाचं वजन आणि जोर पेलेल का, हे होडी बांधणाऱ्या कारागिराला विचारा.

• वाचणारी मिनिटं आणि वाढणारं पेट्रोल, दोन्हींचा महिन्याचा हिशेब कागदावर मांडा.

• इंजिन बदललंच तर नोंदणीत आणि विम्यात तो बदल करून घ्या. आणि किल स्विचची दोरी पहिल्या दिवसापासून अंगाला अडकवा.